आईचा दगड बसायचा राहिला

विंडवर्ड, कॅरियाकू बेट
४ मार्च १९९१

चि. एन्सिल यास उर्सिलाताईचे अ. उ. आ.

डोळ्यांत मोतीबिंदू चढलाय, तुरी सोलताना अळी दिसत नाही. बाकी तोंड शाबूत आहे, ते तुला पत्रावरून कळेलच.

गेल्या वर्षी शिडाच्या होडीतून फिरायला आलेलं ते कॅनडाचं जोडपं परत आलंय. आपल्या टेकडीवर उभं राहून समुद्र बघतात आणि म्हणतात, जागा द्या, पाहुण्यांसाठी बंगले बांधतो. मी दलालाला साफ सांगितलं, जागा बाबांची आहे, वाटण्या झालेल्या नाहीत, भावाला विचारा.

आणि आई? त्याच टेकडीवर चिंचेखाली मातीत पडलीय बिचारी, भोवती खुणेला नुसती शंखांची रांग. सगळी लेकरं हजर असल्याशिवाय थडग्यावर दगड बसवता येत नाही, आणि दगड बसल्याशिवाय तिला विसावा नाही. लेकरं म्हणजे तू नि मी. दरवर्षी तुझं आपलं 'पुढच्या वर्षी'. तिकडच्या थंडीत गोठलास की काय?

तब्येत सांभाळ. बहिणीवर जीव असू दे.

उर्सिला

हडर्सफील्ड, इंग्लंड
२ एप्रिल १९९१

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस. गिरणी बंद पडली, हे तुला कळवलं नव्हतं. तिकिटाचे पैसे जमत नाहीत, म्हणून 'पुढच्या वर्षी'.

दलालाशी फोनवर बोललो. जागा द्यायची आणि बदल्यात एक बंगला आपल्या नावावर. ताई, तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांत काढली. म्हातारपण तरी आपल्या बेटावर जाऊ दे. मी आलो की बकरे कापू, ढोल बोलावू, सगळ्या गावाला जेवण घालू आणि आईचा दगड बसवू.

तिथे कुणाच्या थडग्याचा दगड आहे का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, अजून नाही. तो बरं म्हणाला. तेव्हा तू निर्धास्त सही कर.

धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

एन्सिल

विंडवर्ड
१९ ऑगस्ट १९९१

एन्सिल,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

तू येशील या आशेवर मी सही केली आणि डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ग्रेनेडाला गेले. परत आले, पट्टी निघाली, चांगलं दिसायला लागलं. पहिलं काय दिसलं, तर सपाट टेकडी. चिंच नाही. मातीचा खाडीत भराव घातलाय. शंख मात्र जपून ठेवलेत त्यांनी, पायऱ्यांच्या कडेला शोभेला लावलेत.

मी त्या कॅनडावाल्याच्या अंगणात बसून गळा काढून रडले. तो घाबरला, पाणी घेऊन आला. वाईट माणूस नाही रे. पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "तुमच्या भावानेच सांगितलं, थडगं नाही म्हणून."

त्यांच्यात दगड नाही म्हणजे माणूस नाही. हे मला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक असायला हवं होतं, तीस वर्षं त्यांच्यात राहतोस.

उर्सिला

हडर्सफील्ड
७ सप्टेंबर १९९१

ती. ताई,

नमस्कार कुठल्या तोंडाने लिहू?

पहाटे आई स्वप्नात आली. माझ्या इथल्या स्वयंपाकघरात उभी होती, पाय खाडीच्या पाण्याने ओले. म्हणाली, "एन्सिल, माझी जागा कुठं आहे रे?"

गेलेलं माणूस स्वप्नात येऊन मागेल ते द्यावं, हे तूच मला शिकवलंस. मी काय देऊ, ताई?

एन्सिल

विंडवर्ड
३० सप्टेंबर १९९१

चि. एन्सिल यास आशीर्वाद.

तुला शिव्या घातलेली दोन पत्रं फाडली. राग आहे आणि मरेपर्यंत राहील, ते तू धरूनच चाल.

मी इथे रोज वाट बघते, ती माझ्या स्वप्नात येत नाही. शनिवारी तिच्यासाठी ताट वाढलं. मासा, मक्याचा सांजा, तिला आवडायची तशी तिखट आमटी. ताट घेऊन टेकडीच्या फाटकापर्यंत गेले, आणि ठेवायचं कुठे ते कळेना. तशीच परत आले.

आता माझं ऐक. ती तुझ्याकडे आलीय, तर तिला इकडे पाठवू नकोस. इथे तिला परक्यांच्या दारात उभं राहावं लागेल. तुझ्याकडेच ठेवून घे. शनिवारी टेबलावर ताट वाढ आणि सगळे झोपेपर्यंत त्याला हात लावू नकोस.

मीठ जरा जास्त घाल. तिला अळणी चालत नाही.

तुझी ताई