पगाराला मागणी घातली त्याची हकिकत

अम्मान,
रविवार, आठवड्याचा पहिला दिवस, ऑफिसची वेळ
(म्हणजे कागदही संस्थेचा आणि वेळही संस्थेची)

माझी लाडकी मुन्तहा,

तुला, तुझ्या नवऱ्याला, दोन्ही पोरांना आणि (अजून मुक्काम हलला नसेल तर) तुझ्या सासूबाईंनाही माझा सलाम. अल्लाह तुम्हा सगळ्यांना सुखात आणि उबेत ठेवो. उबेत मुद्दाम म्हटलं, कारण हॅलिफॅक्सच्या बर्फाचा तो फोटो पाठवलास तेव्हापासून मला इथे बसल्या बसल्या हुडहुडी भरते. गुडघा कसा आहे? डॉक्टर खरंच रोज चालायला सांगतो, की ती सासूबाईंपासून सुटका आहे? आईने तुझ्यासाठी झातरचा पाला वाळवून ठेवलाय, येणारं-जाणारं कुणी सापडलं की पाठवते. माझं म्हणशील तर रक्तदाब बरा आहे आणि तुझी आठवण फार येते. परवा किराणावाल्याने सहज विचारलं, मुन्तहाबाई कशा आहेत, तर मी दुकानातच डोळे पुसायला लागले. बिचाऱ्याला वाटलं तू गेलीस. (त्याने तुझ्यासाठी दुआ मागायला हात वरसुद्धा केले होते. तू जिवंत आहेस हे पटवून देऊन मी लाजेखातर अर्धा किलो मसूर घेतला.)

आता मुद्द्यावर येते. कुतैबा आठवतो ना, तू हॅलिफॅक्सला गेलीस त्याच्या आदल्या वर्षी आपल्या ऑफिसात आलेला, उन्हाळ्यातही सूट घालणारा? त्याला देणग्या मागायला मीच शिकवलं. कोणत्या व्यापाऱ्याची आई डायलिसिसवर होती, कोण रमझानच्या शेवटच्या दहा दिवसांतच सैल होतो, कुणाकडे नव्या गाडीचं कौतुक केल्याशिवाय पैशाचा विषय काढायचा नाही, सगळं. तर गेल्या महिन्यात हा पोरगा ऑफिसच्या स्वयंपाकघरात रडगाणं गात होता, की एवढ्याशा अकराशे पन्नास दिनारांत माणसाने लग्न तरी कसं करावं. मी त्याची समजूत घालत होते (चहात साखरही मीच ढवळून दिली), आणि धीर धर म्हणता म्हणता माझी जीभ मधेच थांबली. मला आठशे वीस मिळतात, मुन्तहा. इतक्या वर्षांनी आठशे वीस.

तडक डॉक्टर नझ्मींकडे गेले. आपले संचालक तुला माहीतच आहेत, नकार देण्याआधी चहा मागवतात. चहा आला तेव्हाच मी ओळखलं. म्हणाले, "अगं रुवैदा, त्या पोराला घर थाटायचंय. तुझ्यामागे कोण आहे?" मी म्हटलं, आई आहे, तिची औषधं आहेत, घरभाडं आहे. तर म्हणाले, "आई म्हणजे तर घरातली बरकत!" तुला त्यांनी काय सांगितलं होतं आठवतं? तुझा नवरा कमावतो ना, मग. म्हणजे नवरा असेल तर बाईला गरज नाही, नसेल तर तिला खर्च नाही. (एखादी विधवा नोकरीला आली तर तिला पगाराऐवजी मदतीच्या यादीत घालतील.) वर म्हणाले, हे सेवेचं काम, याचं बक्षीस वर मिळतं. मग कुतैबाला खालीच का मिळतं, हे विचारणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. खोलीबाहेर आले आणि वाटलं, आत्ता तू इथे असायला हवी होतीस. तू त्यांची नक्कल केली असतीस, मी हसले असते आणि राग अर्धा झाला असता. आता सगळा राग मला एकटीलाच वाहावा लागतो.

त्या रागातूनच जाहाची कल्पना सुचली. (तिथल्या बर्फात विसरली असशील म्हणून सांगते. मुलीला मागणी घालायला वडीलधारी मंडळी घेऊन जायचं, यजमानाने कडू कॉफी पुढे करायची, आपल्या बाजूने बोलणाऱ्याने कप तसाच खाली ठेवायचा आणि "तुमचं काम झालं, कॉफी घ्या" हे ऐकल्याशिवाय ओठाला लावायचा नाही. पाहुणा कॉफी न पिता उठला तर यजमानाचं नाक अम्मानच्या साती डोंगरांवर कापलं जातं.) याच युक्तीने मी व्यापाऱ्यांकडून डायलिसिसची यंत्रं मिळवतेय. योजना माझी, भाषण माझं, फक्त कप खाली ठेवणारा हात कुतैबाचा, कारण जाहात बाई बोलत नाही. त्या हाताचे महिना तीनशे तीस जास्त.

म्हटलं, तीच कॉफी आता डॉक्टरांना पाजू. बोलायला माझे मामा अबू सिनान. अर्ध्या शहराची लग्नं त्यांनी जमवलीत, आणि त्यांचा कप कधी भरलेला परत गेला नाही. बाईला पुरुषाइतका पगार द्या हे सांगायला पुरुष न्यावा लागतो, यातली गंमत मला कळत होती, पण हसायला सोबत कोणी नव्हतं. मामांना मी तीन संध्याकाळी बसवून भाषण पाठ करून घेतलं. संख्या भरायला गल्लीतला न्हावी आणि एक निवृत्त शाळा तपासनीस घेतला. शुक्रवारी उतरत्या दुपारी, असरच्या नमाजानंतर आम्ही डॉक्टरांच्या दारात उभे राहिलो, तिघे पुरुष लांब झग्यांत आणि मागे मी.

दार उघडताच डॉक्टरांचा चेहरा असा उजळला, की मला तिथेच शंका यायला हवी होती. त्यांची मुलगी जुमाना तिशीची आहे, दातांची डॉक्टर, आणि अजून लग्नाला तयार नाही. बाप गेली पाच वर्षं असं दार वाजण्याची वाट बघतोय. आम्हाला थेट मोठ्या दिवाणखान्यात नेलं. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची बहीण इन्साफ डोकावून आमचे बूट मोजून गेली. कॉफी आली. मामांनी कप झोकात खाली ठेवला आणि सुरुवात केली. आदमपासून निघाले, दोन्ही घराण्यांची स्तुती केली, आणि मग इतक्या वर्षांची सवय झालेलं तोंड आपल्या वाटेने चालू लागलं. माझं पाठ केलेलं भाषण बाजूलाच राहिलं. "...तर आम्ही आपल्या सुशील कन्येचा हात आमच्या मुलासाठी मागायला आलोय!"

डॉक्टरांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. "कॉफी घ्या, अबू सिनान! आलात ते काम झालंच समजा!" आतून इन्साफबाईंनी आनंदाची अशी किलकारी ठोकली की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. न्हाव्याने लग्न पक्कं करणारा फातिहा म्हणायला हात उचलले. मामांना तेव्हा कुठे कळलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, जणू नवऱ्यामुलाचं नाव माझ्याकडे असेल, आणि घाबरून कप तोंडाकडे नेला. मी उठले, तो कप त्यांच्या हातातून काढून घेतला आणि माझ्यापुढे ठेवला.

मी म्हटलं, "डॉक्टर, आम्ही जुमानाला मागायला नाही आलो. मी माझा पगार मागायला आलेय. कुतैबाइतका. एक दिनार जास्त नको, एक कमी नको."

मग इन्साफबाई दारातून म्हणाल्या, "म्हणजे नवरामुलगा नाहीच?"

"मुलगा नाही," न्हावी म्हणाला, "पण मागणी आहे."

"हे माझं घर आहे, ऑफिस नाही!" डॉक्टर लालबुंद. तेवढ्यात जुमाना बाहेर आली. हातात कुनाफ्याच्या मिठाईचं ताट होतं, ते तिने आपटलंच. "बाबा, मला न विचारता तुम्ही 'काम झालं' म्हणालात. तीन माणसांपुढे म्हणालात. आता निदान हिचं तरी काम करा. आणि माझ्या दवाखान्यातल्या त्या कालच्या पोराला माझ्याहून किती जास्त मिळतात, तेही एकदा विचारा मला!"

डॉक्टरांनी छताकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, भरलेल्या कपाकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "घे बाई. घे कॉफी."

घेतली. गार होती आणि कडूजहर होती. इतकी चांगली कॉफी मी आयुष्यात प्यायले नाही. पहिला घोट गिळताना मी आपसूक डावीकडे वळले, तुझा चेहरा बघायला. डावीकडे न्हावी होता. भला माणूस आहे, पण त्याच्याकडे बघून मला रडू आलं आणि सगळ्यांना वाटलं आनंदाचं आहे.

असो. पोरांचे पापे घे, सासूबाईंना सांभाळ, आणि बर्फावरून जपून चाल.

तुझीच,
रुवैदा

ता. क. मामा म्हणतात शब्द दिलाय तो पाळायला हवा, म्हणून जुमानासाठी खरोखर मुलगा शोधताहेत. कुतैबाचं नाव काढलं होतं. जुमाना म्हणाली, सूट छान आहे, पण बोलायला रुवैदाला सोबत आणावं लागेल.

ता. क. आज डॉक्टरांनी पगाराचं पक्कं केलं. कुतैबाइतकाच. पण पैसे आभाळातून पडत नाहीत म्हणाले, ते तुझ्या जागेच्या पगारातून काढलेत. तू गेल्यापासून ती जागा रिकामी होती. ती मीच रिकामी ठेवली होती. जी जी बाई मुलाखतीला आली तिला मी नापास केलं, एकीला फार हसते म्हणून, दुसरीला हसतच नाही म्हणून. आता ती जागा कायमची बंद. माझी सही लागणार होती. सकाळी केली.

ता. क. तुझ्या गुडघ्याची काळजी खरीच आहे, पण पत्र लिहायला बसले ते एवढ्यासाठी. मला दोन ओळी लिहून पाठव, की तू परत येणारच नव्हतीस. खोटं असलं तरी लिही. तुझं खोटं मला नेहमी ओळखू येतं, या वेळी मी ओळखणार नाही.