साडीच्या काठाने शिवलेल्या गोण्या

११ जून
'माहेर पार्सल'ची दुसरी गाडी आली. पंचवटीच्या बोळात शिरता शिरेना, तरी नारळ फोडला. कल्पना दाजींची. ताईचा नवरा म्हणून म्हणत नाही, डोकं भारी. सटाणा-देवळ्याच्या आयांनी शेवया, मसाला, लाडू गोणीत भरायचे, आम्ही नाशकात शिकणाऱ्या पोरांच्या हातात द्यायचे. दाजी गाडीवर, मी ऑफिसात.

१९ जुलै
नवनव्या गावांतून फोन. बायका जुन्या साडीचा काठ फाडून त्यानेच गोणीचं तोंड शिवतात. पोरं लांबूनच ओळखतात, ही आमच्या आईची. नाव लिहायलाच नको.

३ ऑगस्ट
सटाण्याची एक पोरगी ऑफिसात आली. "काका, आईने हिरव्या काठाने शिवली होती. ही सुतळी कुठून आली?" आत सगळं होतं म्हणे. मग उसवली कशाला? सटाण्याच्या वाटेत गोणीला हात लागतो तो एकट्या दाजींचा. विचारलं तर हसले. "गोणी भेटनी ना तिले?" हसण्यासारखं काय होतं?

१० ऑगस्ट
कुठेतरी पाणी मुरतंय. ताईला सहज म्हणून फोन केला. "हल्ली उशिरा येतात रे, थकलेले असतात." थकलेले! वैशालीला सांगितलं तर म्हणे, "कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं." बायकोच अशी म्हटल्यावर...

२२ ऑगस्ट
गाडी आली की शटर ओढून घेतो, गोण्या उसवतो. ज्या त्या पोराच्या आईला फोन करून काय काय भरलं ते विचारायचं, ताडून बघायचं, परत त्याच काठाने शिवून टाकायचं. दाभण हातात बसलंय आता. आज काहीच कमी नव्हतं. म्हणजे दाजी सावध झाले.

१४ सप्टें.
तक्रारींवर तक्रारी. "ही गाठ आमच्या आईची नाही." "लाडू हाताळलेत." माझी शिवण कुणाला ओळखू यायची नाही, तेव्हा हे त्यांचंच काम. गावंच्या गावं परत एसटीच्या ड्रायव्हरकडे गोण्या द्यायला लागली.

२७ सप्टें.
ऑफिसात सगळ्यांसमोर विचारलं. दाजींनी आवाजसुद्धा चढवला नाही. "संजू, तुना मनमा काय शे ते मले माहीत शे." गाडीची किल्ली टेबलावर ठेवली, गेले. खरा माणूस भांडला असता.

१८ ऑक्टो.
बोर्ड उतरवला. गाड्या गेल्या. दाजींशिवाय गावात कोणी दारात उभं करेना.
भाजीबाजारात ती हिरव्या काठाची पोरगी भेटली. "काका, ते माझ्या वहिनीचं काम. आईच्या नकळत उसवून डिंकाचे लाडू घातले, काठ तुटला म्हणून सुतळी. गावी गेले तेव्हा कळलं."
पहिल्यांदा मनात काय आलं? हिला दाजींनी पढवली असेल.
मग बाकीच्या गोण्या आठवल्या. त्या सगळ्या मीच उसवलेल्या. भाजी न घेताच घरी आलो. फार लाज वाटली. दाजींना फोन लावला, रिंग गेली, मीच कट केला.

२ नोव्हें.
ताईचा फराळ आला. एसटीने. गोणी शिवलीय ती मी गेल्या भाऊबीजेला घेतलेल्या साडीच्या काठाने. साडी नवी होती, एकदाच नेसली असेल. काठ फाडला तो मायेने की रागाने? आणि शिवण तिची की दाजींची?
वैशाली म्हणाली, "उसवा की आता, तुम्हाला तर सवय आहे."
दाभण घेतलं आणि परत ठेवलं. गोणी ओट्याखाली तशीच आहे.