टाकीतला फिल्टर

प्रिय भिंगरी,

सांगतेय मी, तुझी आजी, लिहितेय तुझी आई. मधेच एखादं गोडगोड वाक्य आलं तर ते तिचं समज. मला अक्षर कळत नाही, पण मी एवढंसं बोलले की हिचं पेन फार वेळ चालतं, ते कळतं.

तुझा बाप बरा आहे. वेळेवर गॅरेज उघडतो, वेळेवर बंद करतो. घरातलं कुणी लांब निघालं की त्याच्या गाडीचा पेट्रोल-डिझेल गाळणारा फिल्टर बदलायचा, जुना कापायचा आणि आतला गाळ आपल्याला जेवायच्या आधी दाखवायचा, ही त्याची खोड तुला माहीतच आहे. तुझी नवी गाडी आली तेव्हाही तो नवा फिल्टर हातात घेऊन खाली शिरला आणि बराच वेळ बाहेर येईना. तू हसत सांगितलंस की तो टाकीतच असतो, पंपाबरोबर, बदलायचा नसतो. खोटं नव्हतं ते. पण चार गिऱ्हाइकं उभी होती. बाहेर येऊन त्याने हात पुसले, तेव्हापासून तुम्हा बापलेकीचं बोलणं बंद.

मी एकदा विचारलं, नव्या गाड्यांना तो फिल्टर लागतच नाही का रे? म्हणाला, लागतो तर. डिझेलला अजून बदलावाच लागतो. पेट्रोलच्या बऱ्याच गाड्यांत मात्र टाकीत बसवून टाकलाय, हात लावायचं काम नाही. आणि पेट्रोलच घाण निघालं तर? तर टाकी उतरवायची, म्हणाला. हे सांगताना मेल्याचं तोंड कितीतरी दिवसांनी उजळलं.

परवा तू फोनवर म्हणालीस की गाडी चढावर धाप टाकते, एकदा तर मागे ट्रक असताना बंदच पडली, आणि कंपनीचे लोक म्हणतात काही झालेलं नाही. बाबांना सांगू नकोस, असंही म्हणालीस. मी हो म्हटलं.

फोन ठेवला आणि सांगितलं. तो ताटावरून उठला.

म्हणून हे पत्र टपालाने आलेलं नाही, त्यानेच आणून दिलंय. त्याला वाटतंय, आत माझ्या गुडघ्यांचं रडगाणं आहे. आता खिडकीतून बघ, तुझ्या गाडीभोवती फेऱ्या मारत असेल. वर बोलावू नकोस, यायचा नाही. खाली जा आणि किल्ली दे.

तुझीच,
आजी
(अंगठा माझा, शाईचा डाग तुझ्या आईचा)