न उगवलेलं बी

मेदनिन, ९ नोव्हेंबर

प्रिय लमजद,

तिकडे सफाक्सला बरा असशील. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. इकडे जैतुनाची तोडणी सुरू झाली. यंदा फळ बारीकच आहे. वाळवंटात एक चांगली सर येऊन गेली आणि आमच्या बियाणे-केंद्रात धांदल उडाली.

तेव्हा उम्मीलाही तिथे नेलं होतं. वाफ्यात थोडीच रोपं वर आलेली. म्हणाली, "एवढा पाऊस पडला, बाकीचं बी मेलं की काय गं?"

"मेलं नाही, थांबलंय. सगळं एकदम उगवलं आणि पुढे पाऊसच आला नाही, तर?"

"त्याला पुढचं कळतं?"

"काही कळत नाही, उम्मी. ज्यांचं सगळं बी एकाच सरीला उगवलं, त्यांचा एखाद्या कोरड्या वर्षी निर्वंश झाला. थोडं मागे ठेवणारी टिकली. लाखो वर्षं असं होत होत ते थांबणं अंगातच मुरलं."

ती वाफ्याच्या कडेला बसली. "माझ्या लेकाला, मुन्सिफला मात्र कळत होतं."

लमजद, तुम्ही दोघे भाऊ इटलीला चोरून जाणाऱ्या होडीत बसणार होता, त्या सकाळी उम्मीनं तुला तेलाच्या कोठारात कोंडलं. दार बडवून तुझे हात फुटले. होडी बुडाली. घर सोडताना तू तिला म्हणालास, "मी बरोबर असतो तर त्याला वाचवलं असतं. तू मारलंस त्याला."

पण त्या दिवशी वाफ्याजवळ तिनं मला सांगितलं, कडी घालायला मुन्सिफनंच सांगितलं होतं रे. "दोघं नकोत, उम्मी. समुद्राचा काय भरवसा? एक तरी राहू दे तुला." तिनं त्यालाही अडवलं, पाय धरले त्याचे. तो हसला, "मग घर कोण चालवणार?"

मी विचारलं, हे लमजदला का नाही सांगितलंस?

"काय सांगू? भावानं तुला मागे ठेवलं आणि आपण बुडाला? ते ओझं त्याला जन्मभर पेललं नसतं. त्यापेक्षा माझ्यावरचा राग बरा. रागावलेला माणूस जेवतो तरी."

आता लिहायलाच हवं. मंगळवारी उम्मी गेली. ताप छातीत उतरला होता. जनाज्याला खांदा मामांनी आणि शेजाऱ्यांनी दिला.

तुला सांगणार नाही अशी शपथ तिनं मला घातली होती. ती मी मोडलीय. तुला राग काढायला आता मी एकटीच उरलेय, खुशाल रागव. पण घरी येऊन रागव.

तुझी,
हादियाताई