चार यत्ता, एक खोली आणि माझा आवाज

सोमवार, २ सप्टेंबर. सकाळी ७.
पहिली ते चौथी. एकवीस मुलं, एक खोली, एक मी. आधीच्या बाई म्हणे चार यत्तांना एकदम शिकवून टेकीला आल्या. सिस्टिम नसेल, दुसरं काय! मी काल दिवसभर बसून टाइमटेबल केलंय. चार भिंती, चार यत्ता, प्रत्येक भिंतीला दहा-दहा मिनिटं. बायको म्हणाली, मुलांना विचारलंत का? मुलांना काय विचारायचंय त्यात!

दुपारी ४.
पहिला दिवस उत्तम. चौथीला भागाकार देऊन वळलो तर पहिलीतल्या एकाला शू लागली. त्याला न्यायला दुसरीतला एक गेला, त्या दोघांना शोधायला तिसरीतले तिघे. सगळे परत येईपर्यंत शाळा सुटली. किरकोळ बाब.

बुधवार, ४ सप्टेंबर.
पहिलीत एक मुलगी आहे. सगळे चिमणी म्हणतात, पण चिवचिव नाही. नाव विचारलं तरी तोंडाला कुलूप. तिची आई शिवणकाम करते. शाळा सुटताना दारात थांबून म्हणाली, घरी खूप बोलते हो सर, बाहेर पडली की गप्प. शाळेत एक शब्द नाही, काहीतरी करा. तिचे डोळे भरून आले होते. मी शब्द देऊन टाकला: पंधरा दिवसांत घडाघडा बोलेल. शेवटी अनुभव असतो माणसाला. सहा वर्षांचा आहे. (एका वेळी एकाच यत्तेचा. पण अनुभव तो अनुभव.)

शुक्रवार, ६ सप्टेंबर.
चिमणीसाठी प्लॅन तयार. रोज सगळ्यांसमोर उभं करून तीन प्रश्न विचारायचे. मोठ्यानं, पण प्रेमानं. आज विचारले. तिनं फ्रॉकचं बटण उपटलं. म्हणजे प्रतिसाद आहे.

सोमवार, ९ सप्टेंबर.
आज दुसरं बटण.
चौथीत एक मुलगी आहे, सगळी शाळा तिला ताई म्हणते. एकदा चुकून मीही म्हणालो. माझी पाठ वळली की ही पहिलीच्या भिंतीला. कुजबुज, कुजबुज! अशानं सिस्टिम कोलमडते. तिला खिडकीपाशी बसवलं. तिथून खुणा करते. शेवटी कपाटामागे बसवलं. आता कशी शांतता आहे.

बुधवार, ११ सप्टेंबर.
घसा बसलाय. चार भिंतींना पुरायचं म्हणजे आवाज लागतोच. बायको म्हणाली, घरालाही चार भिंती आहेत, पण इथे मी एकटीच आहे, हळू बोला.

शुक्रवार, १३ सप्टेंबर.
आवाज पार गेला. डॉक्टरबाईंनी घशात टॉर्च मारून सांगितलं, आठवडाभर एक शब्द काढायचा नाही, रजा घ्या. मी कागदावर लिहिलं: माझ्यावाचून शाळेचं पान हलत नाही. त्यांनी तो कागद कंपाउंडरलाही दाखवला. का, कळलं नाही.

सोमवार, १६ सप्टेंबर.
फळ्यावर लिहिलं: सरांचा आवाज गेलाय, शांत बसा. अर्ध्यांना वाचता येत नाही. ताईनं कपाटामागून येऊन मोठ्यानं वाचलं. दहा मिनिटांत भिंतींचा बोजवारा. तिसरीतली एक मुलगी चौथीच्या भागाकारात घुसली. पाढ्यांत कच्चा असलेला चौथीतला दांडगोबा आपण होऊन दुसरीत जाऊन बसला, कोणी हसलं नाही. दुसरीतले पहिलीला अक्षरं गिरवायला लावत होते, त्यात स्वतःचीही सुधारत होते. मी खुर्चीत बसून पाहत होतो. शूसाठीही कोणी मला विचारलं नाही. पाया पक्का घातला की असं होतं. पाया माझाच.

बुधवार, १८ सप्टेंबर.
मधल्या सुट्टीत चिमणी आली. खुर्चीजवळ उभी राहून बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. मग माझ्या बाहीवर हात ठेवून स्पष्ट म्हणाली, घाबरू नको सर, पहिल्यांदा नाही येत बोलायला, मग येतं.
मी खुर्चीवरून पडायचाच बाकी होतो. अख्खं वाक्य! मुदतीच्या आत! या पद्धतीवर लेख लिहायला हवा. नाव: मौन-पद्धती.

शुक्रवार, २० सप्टेंबर.
शाळा सुटताना ऐटीत दारात उभा राहिलो. तिची आई यायची होती. पाटीवर लिहून ताईला विचारलं, चिमणी बोलायला लागली, पाहिलंस का? ताई म्हणाली, ती कधीचीच बोलते सर. सुट्टीत आम्ही कपाटामागे रोज गोष्ट वाचतो, आता तीच वाचते. मी लिहिलं, मग मला कसं ऐकू आलं नाही?  ती अगदी अदबीनं म्हणाली, तुम्ही बोलत होतात ना, सर.
तेवढ्यात आई आली. चिमणी तिच्या कमरेला बिलगून दिवसभराचं सगळं सांगत सुटली. आईनं मला हात जोडले. मी नाही अशी मान हलवून ताईकडे बोट दाखवलं.
आवाज खरं तर आज सकाळीच परत आलाय. बायकोला ठाऊक आहे. शाळेत अजून कोणाला सांगितलेलं नाही.