तुमच्या नावाने सोडलेले झिंगे

प्रिय बाबा,

झिंगे सोलून झाले आहेत. पाठीतला काळा धागा काढला, मीठ-हळद लावली, वर ताटली झाकली. एका शेगडीवर पाणी ठेवलं आहे. ते उकळेपर्यंत तुम्हाला एक विचारायचं आहे, म्हणून ओट्यावरच कागद घेतला. कोपऱ्याला हळद लागली आहे. चालवून घ्या.

आत्ताच का लिहिते? कारण झिंगे आपल्या घरात तुमच्या नावाने सोडलेले आहेत. तुम्ही गेल्यानंतर दोन दिवाळ्या झाल्या, या ओट्यावर झिंगा आला नव्हता. तुमच्या नावाने सोडलेलं परत धरायचं तर परवानगी तुमच्याशिवाय कोणाची घेऊ?

दहाव्याच्या दिवशी तुम्ही आम्हाला फार ताटकळत ठेवलंत, बाबा. पिंड मांडला आणि कावळा कडुनिंबावरून हलेना. धाकट्या मुक्ताचं शिक्षण अर्धं राहू देणार नाही, असं मी म्हणाले. आईला अंतर देणार नाही, असंही म्हणाले. कोणी चहा ठेवून पाहिला, कोणी तुमच्या ब्रँडची बिडी. कावळ्याने मान वळवली. उन्हं चढली, लोक घड्याळं बघू लागले. शेवटी काका पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "दादा, तुले झिंगे लय आवडत. तुह्या नावानं वहिनीनं झिंगे सोडले बरं."

आणि कावळा शिवला.

काय सुटल्यासारखं झालं होतं सगळ्यांना! कोणी हसलंसुद्धा. आई तिथे नव्हती, ती घरी होती. परत आल्यावर काकांनी तिला सांगितलं की वहिनी, तुम्ही झिंगे सोडले आहेत, आणि दादा मोकळा झाला. ती बरं म्हणाली आणि आत जाऊन पाण्याचे पेले भरायला लागली.

तुम्हाला झिंगे आवडतात हे कोणाला ठाऊक नव्हतं? जिनिंगमधून सुटलात की बाजाराच्या दिवशी तुम्ही सरळ घरी येत नव्हतात. वजनकाट्यावर दिवसभर उभं राहून बाह्यांना कापूस चिकटलेला, आणि सायकलच्या कॅरिअरला झिंग्यांची पिशवी बांधलेली. भाजीची पिशवी हँडलला असायची, झिंग्यांची नेहमी मागे. असं का, हे मी कधी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत.

मागच्या रविवारी आई मेथी निवडत बसली होती. मी शेजारी पेपर तपासत होते. बोलता बोलता म्हणाले, बाबांना झिंगे किती आवडायचे ना. तिने मान वर केली नाही.

"त्यायले कुठं आवडत? त्यायले तं वास नाही जमे."

"मग आणायचे कशाला?"

"माह्यासाठी."

एवढंच. मेथीची जुडी संपली, तिने दुसरी घेतली. मी विचारलं, मग तेव्हाच का बोलली नाहीस? ती म्हणाली, "कोणाले सांगू? कावळा शिवला होता न." थोड्या वेळाने तिला स्वतःलाच हसू आलं. म्हणाली, तुह्या काकाले काय जाते सोडाले, त्यायच्या गळ्यात तं लहानपणापासून माळ आहे.

त्या दिवसापासून मला तुमचं ताट दिसतं आहे. तुम्ही भाकरी रश्श्यात कुस्करून खात होतात. झिंगे एकेक करून ताटाच्या कडेला. आम्हाला वाटायचं, आवडीचं म्हणून शेवटी ठेवता. मग आमची पाठ वळली की ती रांग आईच्या ताटात जायची. कॅरिअरचं कोडंही त्याच दिवशी सुटलं. मागे बांधलं की वास मागे राहतो.

इतकी वर्षं तुम्ही हे लपवलंत तरी कशाला? बायकोसाठी झिंगे आणतो म्हणायला लाज वाटत होती? चारचौघांत एकदा बोलून टाकलं असतंत तर त्या दिवशी काकांच्या तोंडी तो शब्दच आला नसता. हा माझा रुसवा आहे, लहानसा. पण आहे.

आई हल्ली कमी जेवते. आजारी नाही. विचारलं की म्हणते, काही मन नाही जात. ताटात वाढलेलं संपवते आणि उठते. तिने स्वतःहून काही मागून घेतलंय असं मी दोन वर्षांत पाहिलं नाही. मला तिला तिची एक गोष्ट परत द्यायची आहे. एवढंच आहे या पत्रात.

पाणी उकळलं.

तिच्यासारखा रस्सा करायची माझी हिंमत झाली नाही. तो केला असता तर तिने ताटच ओढलं नसतं. मुक्ता सुट्टीत पुण्याहून आली होती, तिने पास्त्याचं पाकीट आणि सॉसची बाटली ठेवून दिली होती. म्हटलं, ओळखीच्या वाटेने जाता येत नसेल तर अनोळखी वाटेने जाऊ. आज बाजारात गेले. झिंगे विकणारी भोईण तीच आहे. तिने मला ओळखलं, तुमच्या घरचं कोणी येऊन नाही राह्यलं म्हणाली. धरणाचे ताजे झिंगे होते. मी पिशवी हातातच धरून आणली. मला वास जमतो.

लसूण लाल केला. झिंगे टाकले, रंग पालटून ते वळले तसे लगेच काढून ठेवले, नाहीतर चिवट होतात. बाटलीतला सॉस गोड निघाला. आपलं तिखट घातलं, आणखी लसूण घातला, मग कुठे तो तोंडात घेण्यासारखा झाला. फोनवर एक बाई कृती सांगत होत्या. समुद्राकडच्या असाव्यात. त्या झिंग्यांना कोळंबी म्हणत होत्या.

आई दाराशी येऊन उभी राहिली.

"काय करून राह्यली व?"

पास्ता, मी म्हणाले. तिने उकळत्या पाण्यातल्या पोकळ नळ्या डोकावून पाहिल्या. तळायचे पोंगे उकडून खातेत काय, असं विचारलं. मग फोनकडे बोट केलं.

"कोळंबी म्हंजे काय?"

मी कॉलेजात मराठी शिकवते, बाबा. खोटं सांगता आलं असतं. सांगितलं नाही. म्हणाले, तिकडे झिंग्यांना कोळंबी म्हणतात. ती म्हणाली, "असं." आणि परत गेली.

पुढचं जेवणानंतर लिहिते आहे.

ती जेवायला बसली. पोंगे खाल्ले, सॉस बोटाने पुसून घेतला. झिंगे मात्र एकेक करून ताटाच्या कडेला ठेवले, अगदी तुमच्यासारखे. मग तिने ती रांग उचलून कढईत परत टाकली, वर झाकण ठेवलं. फेकू नको, इतकंच म्हणाली.

त्यात काय समजायचं, बाबा?

मी त्या कावळ्याचा विचार करते आहे. तो तुम्हीच होतात असं सगळे म्हणतात. असाल तर आईचा घास तोडला जात असताना तुम्ही हो म्हणालात, हे मला पटत नाही. तुम्ही मुक्ताच्या शिक्षणाला हलला नाहीत, आम्ही ते करणारच होतो. चहाला हलला नाहीत, बिडीला नाही. झिंग्यांचं नाव निघालं आणि झाडावरून खाली आलात. नाही म्हणायला आला होतात का? अरे, ते तिचे आहेत, असं सांगायला? आणि आम्ही हात जोडून तुमचा नकार होकार म्हणून घरी घेऊन आलो?

उत्तर येणार नाही, ठाऊक आहे. तरी विचारून ठेवते.

एक शब्द देते. आईने काय खायचं आणि काय सोडायचं, हे यापुढे तिच्या तोंडूनच ठरेल. तिच्या वतीने कोणी बोलणार नाही, काका नाहीत, मीही नाही. आणि बाजाराच्या दिवशी मी झिंगे आणत जाईन. तिने खाल्ले तर तिचे. नाही खाल्ले तर कढईत राहतील. पण त्यांना घरात यायची बंदी नसेल.

तुमची,
शालू

ता. क. सकाळी उठले तर भाकरीचा वास येत होता. आईने कढई गरम केली होती आणि ओट्यापाशी पाटावर बसून ती भाकरीशी झिंगे खात होती. मी दारात थांबले. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "तुह्या काकानं झिंगे सोडले होते. हे तं कोळंबी होय न." मग आणखी एक भाकरी वाढून घेतली. खाऊन झाल्यावर तिने भाकरीचा तुकडा आणि एक झिंगा मागच्या भिंतीवर ठेवला. कावळा आला. त्याने भाकरी उचलली. झिंगा तिथेच राहिला.