ओल्या वैनीची शेगडी

मी, श्रीमती इंदुमती पद्मनाभ नाडगीर, वय वर्षे बासष्ट, धंदा खानावळ, राहणार सप्तापूर, धारवाड, पूर्ण शुद्धीवर, राजीखुषीने आणि आमटी उकळत ठेवून हे मृत्युपत्र लिहिते. मला कोणी फूस लावलेली नाही. ते कधी कुणाला जमलेही नाही.

१. राहते घर माझे यजमान कै. पद्मनाभ यांनी स्वतःच्या पगारातून बांधले व ते आता माझ्या नावे आहे. मला मूलबाळ नाही. मी काही लिहून न ठेवल्यास ते पुतण्या चि. भीमसेन याच्याकडे जाईल. गेल्या दिवाळीत त्याने माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून, माझ्यासोबत राहून खानावळ चालवणाऱ्या लक्ष्मीला विचारले, "काकूनंतर तू कुठं जाणार?" ती भांडी विसळत राहिली. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा कागद.

२. मी मिरजेची. १९५७ साली लग्न होऊन आले तेव्हा कन्नडचे अक्षर येत नव्हते. सासरी मराठी बोलत, पण निम्मी कन्नडात बुडवून. तिसऱ्या सकाळी सासूबाई म्हणाल्या, "इंदू, भुसा घे, ओले तयार कर." कन्नडात ओले म्हणजे चूल, शेगडी. मी आपले मराठी ओले समजले, लाकडाच्या भुशावर तांब्याभर पाणी ओतून तो छान कालवला आणि तोच शेगडीत भरला. पाहुण्यांना कॉफी मिळाली नाही, धूर मिळाला. जाऊबाई शालिनी यांनी त्या दिवसापासून मला 'ओली वैनी' केले. सबब तो पितळी तांब्या, त्या नावासकट, त्यांना देते.

३. १९६४ साली यजमान गेले आणि मी घरात खानावळ काढायचे ठरवले. दीर कै. दत्तात्रेय म्हणाले, "मिरजेला जा. साधी शेगडी पेटवता येत नाही, खानावळ काय चालवशील?" शेगडी मला खरेच येत नव्हती. वखारीतून भुशाचे पोते आणून देणारी लक्ष्मी दारात उभी राहून ऐकत होती. भावोजी गेल्यावर ती म्हणाली, "बा अक्का, ये, बस इथं. मी दाखवते."

४. तिने दाखवलेली रीत मिळकतीचाच भाग समजावी. भुसा उन्हात वाळवावा. मुठीत दाबून गोळा झाला तर तो अजून ओला आहे. शेगडीत मधोमध लाटणे उभे धरावे, खालच्या भोकातून एक काठी त्याला टेकवावी आणि भुसा थोडाथोडा घालून घट्ट ठोकावा. इथे आळस केला तर मधली पोकळी ढासळते आणि शेगडी विझते. काठी व लाटणे फिरवत फिरवत काढावे. पेटवायचे खालून. धूर झाल्यास वरून ढोसू नये. खालचे भोक राखेने बुजले आहे का ते पाहावे. भांड्याखाली हवेला फट हवी. खिडकी उघडी असावी, याबाबत मी कुणाचे ऐकून घेणार नाही.

५. अशा एका भरण्यावर सकाळचा भात, आमटी, भाजी पार पडते. पस्तीस वर्षे कॉलेजची मुले आणि मास्तरलोक माझ्या पंक्तीला जेवले. भीमसेनही चार वर्षे जेवला, रोज आमटी दोनदा मागून. एकदा भावोजी स्वतः आले. जेवून म्हणाले, "वैनी, छान झालंय." मी विचारले, "धुराचा वास नाही ना आला?" एवढे सुख मला काशीतही मिळाले नाही. गॅस आहे, चहापुरता.

६. माझ्या पश्चात घर, खानावळ, शेगड्या व भांडी यांची संपूर्ण मालकी लक्ष्मी हणमंत बडिगेर हिची. तिला कोणी कामाची बाई म्हणू नये. भीमसेनने पंक्तीत खुशाल बसावे, स्वयंपाकघरात उभे राहू नये.

७. हे कलम वकिलांच्या मते अनावश्यक आहे. साक्षीला एक माणूस कमी पडला म्हणून लक्ष्मी हात पुसत पुढे आली. तिला कन्नडात सही येते. वकील म्हणाले, "तुमची नको. ज्याला मिळकत मिळते, त्यानं साक्ष करू नये."

ती माझ्याकडे वळली. "यारिगे, अक्का? कुणाला मिळते?"

"तुला," मी म्हटले.

ती खाली बसली आणि रडली. मीही रडले. आनंदाने रडले, असे नमूद करते. मग वकील रस्त्यावर जाऊन दुसरा साक्षीदार घेऊन आले.

लिहून देणार: इंदुमती प. नाडगीर (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. पुंडलिक बाळकृष्ण मुतालिक, वकील (सही)
२. आनंदा तुकाराम काळे, दुकानदार, सुभाष रोड (सही)

धारवाड, ता. १४ फेब्रुवारी १९९९